लग्नाच्या लुगड्यातला कागद

शेजारी कोंबडी कापायला घेतली तरी मी कान झाकून आत पळायची. पण माणूस मारण्याचे इंग्रजी शब्द मला सोळाव्या वर्षी चौदा पाठ होते. बापाला मारणं वेगळं, भावाला मारणं वेगळं, बहिणीला वेगळं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव. माझ्या नाती हसतात आता. म्हणतात, आजी, असले शब्द कशाला पाठ केलेस? अगं बायांनो, मी कुठं हौसेनं केले! शाळेनं करायला लावले. आणि त्यातल्या एका कागदानं मला जी धडकी भरवली, ती अजून पुरती गेलेली नाही.

आम्ही बेळगावशेजारच्या शहापूरचे, मागावर लुगडी विणणारे. घरात शिरलं की आधी खड्ड्यातला माग, मग माणसं. आमच्या गल्लीतून इंग्रजी शाळेत जाणारी मी पहिली पोरगी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीशी भांडून मला बेळगावच्या कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत घातलं होतं. त्यांना स्वतःला मोडीत सही आणि ‘श्री’ एवढंच येई. म्हणून मला ताकीद होती, की काहीही लिहायचं तर कागदाच्या डोक्यावर आधी श्री. मी गणिताच्या कागदावरही श्री काढायची, भूगोलाच्या नकाशावरही.

शाळेत आम्हांला इंग्रजी शिकवायला एक गोऱ्या मिसबाई होत्या. त्यांना लॅटिनचं भारी वेड. म्हणायच्या, लॅटिनची एक किल्ली घ्या, इंग्रजीच्या दहा खोल्या उघडतील. एक दिवस त्यांनी फळ्यावर ‘साइड’ असं शेपूट काढलं आणि सांगितलं, हे लॅटिनमधल्या कापण्या-मारण्याच्या शब्दातून आलंय. मेला कोण ते पुढं लावायचं, मागं हे शेपूट जोडायचं, झाला शब्द. राजा मेला तर रेजिसाइड. जुलमी राजा असला तर त्याला पुन्हा वेगळा, टिरॅनिसाइड. बाप पॅट्रिसाइड, आई मॅट्रिसाइड, भाऊ फ्रॅट्रिसाइड, बहीण सोरोरिसाइड. म्हाताऱ्या माणसाला मारलं तर सेनिसाइड. कोल्ह्यालासुद्धा होता हो! व्हल्पिसाइड. शिकारी कुत्र्यांनी कोल्हा फाडला तर तो साहेबलोकांचा खेळ, पण कुणी नुसता बंदुकीनं मारला तर ते पाप, आणि त्या पापाला हा शब्द. वर्गात आम्ही पोट धरधरून हसलो.

मग मिसबाईंनी सांगितलं, ही यादी फुलस्केप कागदावर सुबक अक्षरात लिहून आणा, पुढं आपापल्या भाषेत अर्थ लिहा, ज्या मुलीची चांगली ती भिंतीवर लावीन. मला काय, भिंतच पाहिजे होती! मी दोन शाई आणल्या. इंग्रजी शब्द निळ्यात, मराठी अर्थ तांबड्यात. डोक्यावर ठसठशीत श्री. त्याखाली पहिली ओळ राजाचा वध, दुसरी जुलमी राजाचा वध, अशा एकाखाली एक चौदा ओळी. चौदावी शेवटची: अक्झोरिसाइड, स्वतःच्या बायकोला मारणे. अक्षर असं देखणं उतरलं होतं, की मीच दोनदा लांब धरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना फडताळात हात घातला, तर कागद नाही.

“आई, माझा कागद?”

“कुठला? त्यो तांबड्या-निळ्या अक्षराचा?” आई सुताच्या कांड्या भरत होती, मान वर न करता म्हणाली, “त्यो मी लुगड्यात घातला की गं.”

जरीवर जर घासली की काळी पडते, म्हणून लुगड्याच्या घडीत कागद घालायची आमची रीत. रोजच्या लुगड्याला कसलीही रद्दी चाले. लग्नाच्या लुगड्याला मात्र रद्दी चालत नसे आणि कोरा कागदही नाही. कोरा म्हणजे रिकामा, नवरीच्या ओटीत रिकामं कशाला द्यायचं? श्री लिहिलेला कागदच पाहिजे. एरवी आप्पा स्वतः काडी शाईत बुडवून श्री काढून देत. त्या दिवशी आप्पा सूत आणायला गेलेले, लुगडं न्यायला आलेला शिपाई दारात ताटकळलेला, आणि फडताळात एवढा सुरेख कागद, वर श्री, खाली तांबडी-निळी नक्षी. आईला वाटलं, पोरीनं काही स्तोत्र उतरून घेतलंय.

“कुणाचं लुगडं?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. महिनाभर आमच्या मागावर एकच लग्नाचं लुगडं चढलेलं होतं.

“फौजदारांचं. अनगोळच्या.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

साल बेचाळीसचं होतं, एवढं सांगितलं तरी माझ्या वयाच्या माणसांना पुरेल. तारा तुटत होत्या, टपालपेट्या जळत होत्या. आमचं शहापूर संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांत. म्हणजे आम्हांला डोक्यावर राजे दोन आणि घाबरायला पोलीस दोन तऱ्हेचे. दिवाळीच्या आधी मागच्या गल्लीतल्या एका कॉलेजवाल्याच्या खिशात हातानं लिहिलेला कागद सापडला. त्याला नेलंच, त्याच्या बापालाही नेलं. बाप विणकर. तो ओरडून सांगत होता, मला वाचाया येत न्हाय ओ साहेब. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. विणकराची बोटं ती! त्याच्या घरातला माग तेव्हापासून बंद होता, आणि शाळेला जाता-येता तो मुका माग मला दारातून दिसायचा.

आणि माझा कागद? पहिल्याच ओळीत राजाला मारणं, दुसऱ्या ओळीत जुलमी राजाला मारणं. त्या वर्षी जुलमी म्हटल्यावर कुणाचा चेहरा डोळ्यांपुढं येतो हे कळायला फौजदार असावं लागत नव्हतं. तो कागद फौजदाराच्या घरात, आणि ज्या लुगड्यात तो होता त्याच्या टोकाला आप्पांची खूण, तीन पिवळे धागे, जी बघून अख्खा बाजार ओळखायचा की हा माल कुणाच्या हातचा.

आता एक गोष्ट माझ्या बाजूची होती, आणि तीच जीव घेणारी होती. लग्नाच्या लुगड्याची घडी मधेच कुणी मोडत नाही. आलं तसं देव्हाऱ्यापुढं ठेवायचं आणि हळदीच्या दिवशी चारचौघींत नवरीच्या आत्यानं घडी मोडायची. म्हणजे कागद आज निघणार नाही, उद्या निघणार नाही. निघेल तेव्हा सगळं गणगोत बघेल. हळद नऊ दिवसांवर होती.

पहिले चार दिवस मी कुणाला बोलले नाही. शाळेत मिसबाईंना सांगितलं, शाई सांडली. जेवण जाईना. मागाचा खटका ऐकला की मी आप्पांच्या बोटांकडं बघायची. धोटा इकडून तिकडं फेकताना ती बोटं कशी सहज उघडायची-मिटायची! आप्पा विचारायचे, “काय गं, काय बगतीस?” मी म्हणायची, काय न्हाय. रस्त्यात खाकी दिसली की मी समोरच्या घरात शिरायची. एकदा तर पोस्टमनला बघून लपले. मनातल्या मनात फौजदारापुढं उभी राहून उत्तरं पाठ करायची: साहेब, शाळेत शिकवलं, साहेब, पुढं कोल्हासुद्धा आहे, तो बघा. कोल्ह्यावर माझी फार भिस्त होती.

पाचव्या दिवशी आईपुढं मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. आधी तिनं पाठीत एक धपाटा घातला, मग म्हणाली, “काय लिवलंतंस ते म्हणून दाव.”

मी एकेक ओळ म्हणत गेले. राजाला आईनं हात हलवून उडवून लावलं. बापावर “अगं बया!” केलं. आईला मारण्यावर दोन्ही कानांवर हात ठेवले. “श्रीच्या खाली हे? लग्नाच्या लुगड्यात? कार्टे, त्या पोरीच्या संसाराचं काय हुईल?” तिला पोलिसांपेक्षा अपशकुनाची भीती जास्त. मग मी शेवटची ओळ म्हटली.

“म्हंजे बायकुला नवऱ्यानं मारलं, तर त्यालाबी येगळा शबुद हाय?”

“हाय.”

“साहेबाच्या भाषेत?”

“व्हय.”

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. “आमच्यात न्हाय,” म्हणाली. “आमच्यात आडात पडली म्हणत्यात.”

माझी एक मावशी होती, आईची धाकटी बहीण. ती पाणी शेंदताना पाय घसरून आडात पडली, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. आई त्या वेळी मावशीचं नाव बोलली नाही. उठली, तोंड धुतलं, आणि म्हणाली, “चल. आप्पास्नी काय बोलू नगं.”

दुपारी आम्ही दोघी अनगोळला गेलो. वाटेत आईनं बहाणा ठरवला: लुगड्याची जर उलटी दुमडली असंल तर डाग पडंल, एकदा घडी बगून जातो, म्हणायचं. फौजदार ओसरीवरच होते, गरम पाण्याच्या घंगाळात पाय सोडून बसलेले. मी आजवर त्यांना घोड्यावर बघितलं होतं. घंगाळातले ते पांढरे पाय बघून भीती कमी व्हायला पाहिजे होती, पण उलट मी आईच्या मागं दडले.

“कोण?”

“लुगडंवाली, साहेब. घडी बगायची ऱ्हायलीया.”

“बघा की,” म्हणाले आणि पुन्हा पायांकडं बघू लागले.

आत त्यांची लग्नासाठी आलेली बहीण, म्हणजे नवरीची आत्या, सगळ्या घराचं चालवत होती. तिनं आईला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. बाहेरून आलेल्या बाईनं देव्हाऱ्याजवळ जायचं नाही. पोरगी पाय धुऊन जाऊ दे. नवरी तिथंच आहे, ती लुगडं दाखवील. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि मी एकटी आत गेले.

नवरी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पाटावर बसली होती. मी लुगड्याकडं हात नेला तशी ती हळूच म्हणाली, “कागद त्यात न्हाय.” आणि तिनं चोळीतून माझा कागद काढला. आठ घड्या केलेल्या.

घडी मोडली होती तिनं! रंग बघायचा मोह झाला म्हणाली. मी तिचे पाय धरले. “आक्का, दे मला. तुझ्या पाया पडते. माझ्या बापाला नेतील.”

“मी चौथी इंग्रजीपर्यंत शिकलेय,” ती म्हणाली. तिचं माझ्या बोलण्याकडं ध्यानच नव्हतं. “मग घरी बसवलं. सगळे शब्द लागले न्हाईत मला. पण शेवटच्याचा अर्थ तू मराठीत लिहिलायस.”

मी मान हलवली.

“मला बिजवराला दिलंय, म्हाईत हाय का तुला? खानापूरचा. लाकडाचं मोठं काम हाय त्यांचं. पयली बायको आडात पडली.” तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढं वाकावं लागलं. “आमच्या मोलकरणीची बहीण त्याच आळीत ऱ्हाते. तिनं त्या बाईला शेवटची आंघोळ घातली. गळ्यावर काळे वळ होते म्हणाली. आडात पडलेल्या बाईच्या गळ्यावर वळ कशानं येतील गं?”

“तुझ्या वडलांना सांग की!”

“सांगितलं. म्हणाले, पंचनामा झालाय, मी कागद बघितलाय, पाय घसरून असं लिहिलंय. माझ्या बापाचा कागदावर लई विश्वास हाय. माझ्या तोंडावर न्हाय. म्हणून म्हणते, हा कागद लुगड्यात ऱ्हाऊ दे. हळदीला सगळ्यांपुढं निघू दे. त्यांनी वाचला पाहिजे.”

मला खरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. माझ्या मनात त्या वेळी तिच्या गळ्याचा विचार आला नाही. मला फक्त आप्पांची बोटं दिसत होती. मी म्हटलं, “न्हाय! तू बघितलंस का वर काय हाय? राजाला मारणं हाय! तुझा बाप आधी ते वाचंल आणि माझ्या बापाला ओढत न्हेईल!” तिनं कागद उलगडून वरच्या ओळी वाचल्या. तिचं तोंड पडलं. कागद माझ्या हातात दिला तिनं, निमूटपणे. पुन्हा मागितलासुद्धा नाही.

मी उठणार, तेवढ्यात बाहेर आत्याच्या जोडव्यांचा आवाज आला. “झालं का गं बघून?” कागद लपवायला मला जागा नाही, आता ती पडदा सारून आत येणार. आणि मी काय केलं म्हणता? कागदाची वरची पट्टी टरकन फाडली, श्रीसकट दोन्ही राजे तोंडात कोंबले, आणि उरलेला कागद लुगड्याच्या घडीत सारला. मला शूर म्हणू नका. त्या घटकेला मला दुसरं काही सुचलं नाही एवढंच. आत्या आली तेव्हा मी चावत होते. “काय खातीस?” तिनं विचारलं. नवरी म्हणाली, “मी खोबरं दिलं.” मी गिळलं. फुलस्केप कागद होता, जाड. घशाला टोचत खाली गेला.

वाटेत आईला सांगितलं. वाटलं, आता दुसरा धपाटा बसणार. माझा हात तिनं अनगोळपासून शहापूरपर्यंत सोडला नाही.

राजे गेले तरी अक्षर माझंच होतं, आणि खूण आप्पांचीच. मधले दिवस कसे काढले देव जाणे. हळदीच्या दिवशी मी शाळेला गेले नाही. पोट दुखतं म्हणाले, आणि खरंच दुखत होतं. दुपारचा सुमार. गल्लीत सगळ्या घरांतून मागांचा आवाज चालू होता, त्यात आमचाही. मग गल्लीच्या तोंडाकडचा एक माग थांबला. त्याच्या शेजारचा थांबला. एकामागून एक आवाज बंद पडत आमच्या दारापर्यंत आला, आणि मला कळलं की कोण येतंय.

फौजदार एकटेच होते, पूर्ण गणवेशात, बगलेत लुगडं. “हे संस्थान हाय, हद्द न्हाय त्यांची हितं,” आई माझ्या कानात पुटपुटली. हद्द घेऊन काय चाटायची होती? मागच्या गल्लीत आले तेव्हा कुणी विचारली होती हद्द?

“हे तुमच्या मागावरचं?” त्यांनी आप्पांना विचारलं.

आप्पा खड्ड्यातून वर आले. “व्हय साहेब. काय चुकलं का?”

फौजदारांनी घडीतून कागद काढून समोर धरला. “हा कुणी घातला?”

“मी घातला,” आई म्हणाली. “मला वाचाया येत न्हाय.”

“मीच घातला असंल,” आप्पा म्हणाले. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. तरी त्यांनी हात पुढं केले, दोन्ही, मनगटं जुळवून. त्यांची ती बोटं बघितली आणि मी ओरडले, “माझं अक्षर हाय! आप्पांना काय म्हाईत न्हाय! माझं हाय!”

फौजदार माझ्याकडं वळले. “वर फाटलंय. काय होतं वर?”

चुलीवर भात उतू जात होता आणि कुणी उठत नव्हतं.

“श्री होतं,” मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. तीस वर्षं खोटं ऐकलेला माणूस तो. आणि मी खोटं बोलले नव्हते. पुढं काही विचारायच्या आधी त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “शेवटचं वाच.”

मी वाचलं.

“मराठीत.”

“स्वतःच्या बायकोला मारणे.”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं. फौजदार मागाच्या कडेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “माझ्या बहिणीनं घडी मोडली आणि करणी केली म्हणून बोंब मारली,” ते म्हणाले, कुणाकडंच न बघता. “आणि माझी पोरगी हळदीच्या अंगानं उभी राहिली. म्हणाली, तो कागद मीच घडीत ठेवून घेतलाय. माझ्याशी मान वर करून कधी बोलली न्हाय ती.” मग आईकडं वळून विचारलं, “बाई, गळ्यावर वळ उठतात का हो, आडात पडल्यावर?”

आईनं पदर पुढं ओढला. “माझ्या बहिणीच्या उठलं हुतं,” ती म्हणाली. “पंचनाम्यात न्हवतं.”

ते मी पहिल्यांदा ऐकलं. आप्पांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण ते मटकन खाली बसले. फौजदारांनी टोपी घातली, कागद माझ्या हातातून घेतला, लुगडं उचललं आणि निघून गेले. गल्लीतले माग बराच वेळ सुरू झाले नाहीत. भात करपला.

दुसऱ्या दिवशी अनगोळकडून वाजंत्री ऐकू आली नाही. मी दिवसभर दाराच्या फटीतून गल्ली बघत होते. तिसऱ्या दिवशी एक शिपाई आला. “साहेब्रु कळस्यार,” म्हणाला, साहेबांनी पाठवलंय, आणि ते लुगडं आईच्या हातात देऊन गेला. घडीत माझा फाटका कागद तसाच होता. नंतर कानावर आलं की फौजदार हळदीच्याच दिवशी लोंढ्याच्या गाडीनं खानापूरला गेले होते. तिथं कुणाला भेटले, काय बघितलं, कोण जाणे. सगळीकडं एवढंच सांगितलं गेलं की नवऱ्यामुलाला ताप आलाय, लग्न पुढं ढकललंय. ते कायमचंच पुढं गेलं. आम्हांला कुणी न्यायला आलं नाही. आप्पांची बोटं शाबूत राहिली.

त्या खानापूरवाल्याला कुणी हात लावला नाही. वर्षाच्या आत त्यानं दुसरीकडची मुलगी केली म्हणे. कुणाची ते मला माहीत नाही. तिच्या लुगड्यात कुठला कागद होता, होता की नाही, तेही माहीत नाही. कधीमधी अजून मनात येतं. माझ्याच्यानं तेव्हा काही झालं नाही आणि नंतरही नाही.

मोडल्या लग्नाचं लुगडं कुणी विकत घेत नाही. ते आमच्या ट्रंकेत पडून राहिलं. मी मॅट्रिक झाले, दोन वर्षं शाळेत शिकवलं, आणि सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा मास्तर, निपाणीचा, गरीब स्वभावाचा. आप्पा म्हणाले, नवं विणतो. आई म्हणाली, नगं, ट्रंकंतलं हाय की. बायकांनी नावं ठेवली. आप्पा चिडले. आईनं कुणाचं ऐकलं नाही.

सासरी निघायच्या सकाळी तिनं ते लुगडं मांडीवर घेतलं आणि नीट घडी घातली, जरीवर जर येऊ न देता. मग ट्रंकेच्या तळातून तो फाटका कागद काढला आणि माझ्यापुढं धरला.

“ते शेवटचं हाय न्हवं ह्यात?”

“हाय.”

“वर श्री लिव्ह.”

मी दौत-टाक आणला. वर जागा फार थोडी उरली होती, कडेला फाटकं. तिथंच लहानसं श्री काढलं. आईनं फुंकर घालून शाई वाळवली, कागद घडीत सारला आणि ट्रंक बंद केली. मग ती रडायला लागली. माझाही बांध फुटला आणि मी तिच्या गळ्यात पडले.